पुंडलिक मेश्राम गैरहजर

रामाजी नंदेश्वरांचं म्हणणं एवढंच होतं की, जो माणूस सभेच्या दारात स्वतःच्या दोन पायांवर उभा आहे आणि वर सुपारी कातरतो आहे, तो सभेला हजर आहे. पुंडलिक मेश्रामचं म्हणणं होतं की तो हजर नाही.

"मी शेवंताले बोलवाले आलो," पुंडलिक म्हणाला. "मीटिंगले नाही आलो."

"पण तू आमाले दिसून राहिला ना."

"दिसतो त पाहा."

"मी हजेरीत तुह्यं नाव लिहून राहिलो, पुंडलिक."

"लिहा. मी उद्या येऊन खोडतो."

आणि बायकोला घेऊन तो चालता झाला. सडक कमिटीच्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक अशा रीतीने दुसऱ्यांदा बारगळली. अध्यक्षपदाचे एकमेव उमेदवार देवीदास डोंगरे मार्चच्या उन्हात काळा कोट घालून बसले होते. त्यांनी भाषणाचे कागद घडी करून आतल्या खिशात ठेवले आणि घाम पुसला. पहिल्या सभेलाही त्यांनी असंच केलं होतं. त्या वेळी पुंडलिक घरात झोपला होता आणि शेवंताने दाराची फट उघडून सांगितलं होतं, "उठवलं त मले बोलतीन. तुमीच उठवा." उठवायला कोणी गेलं नव्हतं.

रामाजींना राग आला तो निवडणुकीचा नाही. राग तत्त्वाचा होता. निदान ते तसं सांगत.

प्रकरण ओट्याचं होतं. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या त्या सडकेच्या टोकाला पुंडलिकचं शेवटचं क्वार्टर. त्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली मोकळी जागा होती, आणि त्या जागेत रामाजींच्या बायकोने, पंचफुलाबाईंनी, दोन वर्षांपूर्वी एक ओटा बांधला होता. कारखान्यातून फुटक्या म्हणून टाकून दिलेल्या भट्टीच्या विटा ठेकेदाराने सडकेच्या कडेला ओतल्या होत्या. पंचफुलाबाईंनी त्या डोक्यावरून वाहिल्या, लाल मुरुमाच्या चिखलात बसवल्या आणि वरून सारवलं. ज्या विटा पोलाद वितळवणाऱ्या भट्टीत टिकत नाहीत त्या बायकांच्या बसण्याने काय टिकणार, असं तेव्हा रामाजी म्हणाले होते. ओटा टिकला. पंचफुलाबाई गेल्या डिसेंबरात तापाने गेल्या.

तेव्हापासून रामाजी संध्याकाळपर्यंत त्या ओट्यावर बसत. त्यांची नोकरी स्टोअरमधली, कायम पहिल्या पाळीची. दुपारी दोनचा भोंगा झाला की सायकलवर घरी यायचं, सकाळची भाकर खायची आणि ओट्यावर जायचं. मुलगी लग्न होऊन तुमसरला होती, घरी कोणी नव्हतं. पण त्याचा या बसण्याशी काही संबंध नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. थंडीत ते सांगत, क्वार्टर फार गार पडतं. मार्च लागल्यावर सांगू लागले, क्वार्टर फार तापतं.

तर या ओट्यावर एका सकाळी वसाहतीच्या ऑफिसातल्या माणसांनी चुन्याची फुली मारली. विनापरवाना बांधकाम. रामाजी पाळी सुटल्यावर तसेच घामेजलेल्या कपड्यांनी ऑफिसात गेले. तिथे भैयालाल नावाचा बाबू होता. तो कोणत्याही प्रश्नाला उत्तर देण्याआधी पंख्याकडे बघायचा.

"ओटा किसका है?" भैयालालने विचारलं.

"सडक का है," रामाजी म्हणाले.

"सड़क तो कंपनी की है."

"सडक के लोगों का है."

भैयालालने पंख्याकडे पाहिलं. "लोगों में से कौन? एक आदमी की दरख़्वास्त नहीं चलेगी. कमेटी बनाओ. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष. बाक़ायदा चुनाव. तीनों के दस्तख़त लाओ, तो कमेटी के नाम चढ़ा देंगे. नहीं तो इकतीस के बाद गैंग आएगी, तोड़ देगी."

आता शेजारच्या सडकेवर अशी कमिटी एका चहात झाली होती. तिघे जण म्हणाले आम्ही, बाकीचे म्हणाले बरं, आणि कप धुवायला गेले. पण रामाजींच्या सडकेवर निम्मी घरं भंडारा-नागपूरकडची, धम्म घेतलेली. या घरांत घटना हा शब्द सहज उच्चारायचा नसे. देशाची घटना बाबासाहेबांनी लिहिली, मग आपल्याला एका सडकेची लिहिता येऊ नये? विजेच्या एका खांबाच्या त्या सडकेसाठी रामाजींनी अकरा कलमांची घटना लिहिली. सुरुवातीला 'आम्ही या सडकेचे लोक' असं होतं. थुंकण्याबद्दल एक कलम होतं, बकऱ्यांबद्दल पोटकलमांसह एक होतं. आणि चौथं कलम असं होतं: 'एकाही क्वार्टरला वगळून पदाधिकारी निवडले जाणार नाहीत.'

दुर्ग लाइनवर गार्ड असलेले धोंडबा वासनिक तेव्हाच म्हणाले होते, "रामाजी, हे कलम गाडी थांबवणारं आहे. एक पॅसेंजर चढला नाही म्हणून आमी झेंडी दाखवणं बंद करत नाही."

"तुमची रेल्वे आहे, ही सडक आहे," रामाजी म्हणाले होते.

त्यांचे वडील गावच्या सभेच्या वेळी चावडीबाहेर, लोक जोडे काढून ठेवत तिथे बसायचे. आत काय ठरलं ते बाहेर येणारे लोक सांगायचे, तेही आठवलं तर. रामाजींनी हे सभेत सांगितलं नाही. फक्त कलम चार राहील, एवढं सांगितलं. घटना हात वर करून मंजूर झाली. भट्टी खात्यातल्या केरळच्या नायरांनी दोन्ही हात वर केले. पुंडलिक त्या दिवशी ड्युटीवर होता.

म्हणजे ज्या एका माणसाला वगळायचं नाही असं ठरलं, तो माणूस आता सगळ्या सडकेला वेठीला धरून बसला होता. तो 'नाही' म्हणत नव्हता. 'नाही' म्हणाला असता तर विरोध म्हणून लिहून घेता आला असता. तो यायचाच नाही, आणि आला तर आलो नाही म्हणायचा. जन्मभर सरळ चाललेल्या माणसाने अशा माणसाचं काय करावं?

सल्ल्यांना तोटा नव्हता. धोंडबा म्हणाले, त्याच्या दाराला नोटीस लावा, रेल्वेत नोटीस लावली की माणसाने वाचली असं धरतात. देवीदास म्हणाले, त्याच्या दारासमोरच सभा घेऊ आणि आपण भाषण करू, तो कान कुठे नेईल. नायर म्हणाले, "करना मांगता," पण काय ते म्हणाले नाहीत. शेवटी सडकेतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या गिरजाबाईंनी मार्ग काढला.

"त्याले मीटिंगले बोलवूच नका," त्या म्हणाल्या. "माह्या घरी पोहे खायले बोलवा. पोहे खाणारा माणूस उठून जात नाही. अर्ध्या प्लेटीत निवडणूक उरकून टाका."

रामाजींना हे पटलं नाही. निवडणूक ही पोह्यांच्या आडून करण्याची गोष्ट नव्हे. पण तारीख जवळ येत होती.

पुंडलिक आला. एक प्लेट खाल्ली, दुसरी खाल्ली, गिरजाबाईंनी तिसरी वाढली तीही खाल्ली. सगळी क्वार्टरं हजर होती. रामाजी घसा खाकरून उभे राहिले आणि म्हणाले, "सडक कमिटीची सभा सुरू होत आहे."

पुंडलिकने प्लेट खाली ठेवली, मागच्या खाटेवर अंग टाकलं आणि म्हणाला, "मी झोपलो."

"पुंडलिक, हे बरं नाही."

रामाजींनी वाकून पाहिलं. हा माणूस सोंग करत नव्हता. तोंड उघडं टाकून, हात खाटेखाली लोंबते सोडून, तो खरोखर झोपला होता. मग झोपलेला सभासद हजर की गैरहजर, यावर चर्चा सुरू झाली. घटनेत याबद्दल काही नव्हतं. धोंडबा म्हणाले, झोपलेला गार्ड रेल्वेत गैरहजर धरतात आणि वरून सस्पेंड करतात. नायरांनी हात वर केला. कशासाठी ते कळलं नाही. हजर धरावं असं सांगायला देवीदास उठले, घाईने खाट ओलांडताना त्यांच्या कोटाचा खिसा खाटेच्या खुराला अडकला, कोट खिशापासून काखेपर्यंत टर्रकन फाटला आणि भाषणाचे कागद गिरजाबाईंच्या मिरचीच्या ठेच्यात पडले. एवढा गोंधळ झाला, पण पुंडलिकची पापणी हलली नाही.

"याले झोपाले घर नाही का?" रामाजी संतापून म्हणाले.

गिरजाबाईंनी पुंडलिकच्या अंगावर चादर टाकली. "झोपू द्या भाऊ. त्याले घरी झोप नाही भेटत."

"कावून नाही भेटत?"

सगळे आपापल्या रिकाम्या प्लेटीत बघू लागले. शेवंताने तर उठून भांडी घासायला घेतली, आणि ती गिरजाबाईंची भांडी होती.

रामाजी आडवळणाचे नव्हते. दुसऱ्या दिवशी दोनचा भोंगा झाल्यावर ते पुंडलिकच्या दारात जाऊन उभे राहिले. पुंडलिक सकाळीच तिसऱ्या पाळीहून आला होता. त्याच्या खात्यात माणसं कमी होती, त्यामुळे त्याची नाइट महिनाभर संपलीच नव्हती. डोळे लाल होते.

"सरळ सांग. कमिटी कावून नाही पायजे तुले?"

"कमिटीचं काही नाही, रामाजीभाऊ. ओटा नाही पायजे."

"ओट्यानं काय केलं तुह्यं?"

"खिडकीखाली बडबड होते. सकाळी नळ, पोरं, भांडे. मले झोपाले दुपारच भेटते. दुपारी बडबड होते." मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी क्रेनवर आहो, भाऊ. वितळलेल्या लोखंडाची बादली माह्या हातात असते. खाली माणसं असतात. त्या दिवशी केबिनीत डोळा लागला माह्या. एकच घडी. पण लागला."

हे ऐकून रामाजी मऊ व्हायला हवे होते. ते भडकले, पण पुंडलिकवर नाही, सडकेतल्या बायकांवर. ज्या ओट्यासाठी आपण जिवाचं रान करतो आहोत त्यावर बसून या बायका एका माणसाची झोप मोडतात, आणि वर पोहे खाऊ घालतात.

त्याच संध्याकाळी त्यांनी बायकांना ओट्यापाशी बोलावून घेतलं. "दुपारी इथं कोण बडबडते?"

"आमी त दुपारी येतच नाही, भाऊजी," शेवंता म्हणाली.

"मंग कोण येते?"

शेवंताने गिरजाबाईंकडे पाहिलं. गिरजाबाईंनी आभाळाकडे पाहिलं. "येत असन कोणी," त्या म्हणाल्या. "वाऱ्याचाही आवाज येते."

"वारा बडबडत नसते, गिरजाबाई."

"नाही बाप्पा. तेही खरंच आहे."

रामाजी सायकल काढून सिव्हिक सेंटरच्या बाजारात गेले, काळा रंग आणि कुंचला आणला, आणि पत्र्याच्या तुकड्यावर लिहिलं: 'दुपारी दोन ते सहा या ओट्यावर बोलण्यास मनाई आहे. हुकुमावरून, सडक कमिटी.' पाटी लागल्याबरोबर देवीदास फाटक्या कोटात आले आणि म्हणाले की, कमिटी अजून अस्तित्वात नाही, तेव्हा हा हुकूम कोणाचा? रामाजी कुंचला धुवायला गेले. जो माणूस ठेच्यातून काढलेले भाषणाचे कागद दोरीवर वाळत घालतो, त्याच्याशी काय वाद घालायचा?

दोन दिवसांनी पुंडलिक म्हणाला, "आजही बडबड होती."

"पाटी लावली ना."

"पाटी होती. बडबडही होती."

मग रामाजींनी ठरवलं की चोर आपणच पकडायचा. तसे ते दुपारी ओट्यावर असतच, पण आता पहाऱ्यावर म्हणून बसले. डोळ्यात तेल घालून बसले. अधूनमधून उठून मागच्या गल्लीत डोकावून येत. कुणी आलं नाही. एक बाई नाही, एक पोर नाही. एक बकरी आली होती, ती पाटीखाली बसून गुमान रवंथ करून गेली. बकरीइतकी शिस्त माणसांत असती तर घटना कशाला लागली असती?

"मी सोता बसून होतो," त्यांनी पुंडलिकला सांगितलं. "तीन दिवस. दोन वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत. एक माणूस आला नाही तिथं."

पुंडलिकने त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मले मालूम आहे," तो म्हणाला.

"मालूम आहे, मंग बडबड कोणाची?"

"जाऊ द्या. ओटा मोडू द्या, रामाजीभाऊ. दुसरं काही नाही. मोडू द्या."

आता मात्र रामाजींची खात्री पटली की हा माणूस खोटारडा आहे. बडबड नाही, बडबडणारा नाही, पहाऱ्यावर खुद्द आपण, आणि याचं तुणतुणं तेच. एका बाईने डोक्यावरून विटा वाहून ज्या बसवल्या त्या याच्या एका हट्टापायी पहारेने उपटायच्या? ती असती तर हा तिच्यासमोर असं बोलला असता? पंचफुलाबाईंना डाव्या कानाने फार कमी ऐकू यायचं, पण अशा गोष्टी त्यांना बरोबर ऐकू जात.

तीस तारखेला रामाजींच्याच घरी चौथी सभा भरली. धोंडबांनी सरळ विषय काढला. "घटनेत दुरुस्ती कशी कराची ते लिहिलं का?"

लिहिलं नव्हतं. घटनेत काही चुकेल असं लिहिताना कोणाला वाटलंच नव्हतं.

"नाही ना लिहिलं? मंग अडवणारंही कोणी नाही," धोंडबा म्हणाले. "कलम चार उडवा. देवीदास अध्यक्ष, तुमी सचिव, मी खजिनदार. उद्या सकाळी भैयालालच्या टेबलावर कागद. ओटा वाचला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. देवीदासांनी टाके घातलेल्या कोटाची बटणं लावली. रामाजींनी पेन्सिल घेतली. एक रेघ मारायची होती. त्यांनी मान वर केली तर समोर उघडं दार होतं, आणि दाराबाहेर सगळ्यांचे जोडे पडले होते. कारखान्याचे जड बूट, टायरच्या चपला, गिरजाबाईंच्या वहाणा.

ते त्या जोड्यांकडे बघत बसले.

"नाही जमत मले," शेवटी ते म्हणाले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"आता काय झालं?" धोंडबा ओरडले. "ओटा तुमच्या बायकोचा. आमी तुमच्यासाठी करून राहिलो हे सगळं."

"त्याले बाहेर ठेवून नाही कराचं. झोपू दे नाही त मरू दे त्याले. पण बाहेर ठेवून नाही."

सभा मोडली. देवीदासांनी कोट काढला आणि खांद्यावर टाकला. महिन्याभरात त्यांना पहिल्यांदा वारा लागला असेल.

एकतीस तारखेला दोनचा भोंगा झाल्यावर रामाजी घरी आले, भाकरीला हात न लावता ओट्यावर जाऊन बसले. चुन्याची फुली त्यांच्या मांडीला लागत होती. उद्या गँग येणार. ते संतापलेले होते, आणि आता कोणावर संतापावं हेही कळत नव्हतं.

"पाहा आता," ते म्हणाले. "उद्या मोडतीन. मी काय कमी केलं, सांग. अकरा कलमं लिहिली. पाटी लावली. त्या भैयालालच्या पंख्यापुढं दोनदा हात जोडले. अन् तो पुंडलिक म्हणते बडबड होते. कोण बडबडते इथं? काळं कुत्रं नाही. तू असती त सांगतलं असतं त्याले. धोंडबा म्हणते कलम उडवा. आता तूच सांग, कसं उडवू..."

वरची खिडकी उघडली.

"रामाजीभाऊ," पुंडलिक म्हणाला.

"काय आहे?"

"देवीदासच्या कोटाचं काय झालं?"

"काय?"

"त्या दिवशी तुमी वहिनीले सांगून राहिले होते. देवीदास खाट ओलांडाले गेला, इथपर्यंत सांगतलं. अन् मंग बडबड कोणाची होते ते पाहाले गल्लीत उठून गेले. मी त गिरजाबाईच्या घरी झोपलो होतो. पुढचं राहूनच गेलं. मले अर्धा दिवस झोप नाही आली."

रामाजी खिडकीकडे पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या शेजारच्या रिकाम्या ओट्याकडे पाहिलं. मग पाटीकडे पाहिलं, जी त्यांनीच लिहिली होती.

"मी बोलतो?" ते म्हणाले.

"हो."

"मोठ्यानं?"

"वहिनीले कमी ऐकू येत होतं ना, भाऊ. तुमची सवय आहे."

लांबवर कारखान्यात कुठेतरी वाफ सुटली. रामाजींनी मुठी वळल्या, सोडल्या.

"सडकेले मालूम आहे?"

"आहे."

"गिरजाबाईले?"

"पहिल्या दिवसापासून."

"नायरलेही?"

"नायरले मराठी समजत नाही," पुंडलिक म्हणाला. "पण समजलं त्याले."

आता जे उसळलं तो खरा संताप होता. महिनाभर सगळ्यांनी आपल्याला खेळवलं. बायकांनी आभाळाकडे पाहिलं, वाऱ्याचं नाव घेतलं. आपण बकरीवर पहारा करत बसलो आणि ही सगळी मंडळी आपल्याला बघत बसली. सचिवपदाच्या उमेदवाराला.

"तुले तोंड नव्हतं?" ते खिडकीवर खेकसले. "पहिल्याच दिवशी सांगाचं. रामाजी, तोंड बंद कर, मले झोपाचं आहे. एवढंच त होतं."

"काय सांगू? वहिनीसंग बोलू नका, असं सांगू?" पुंडलिकने खिडकीच्या गजांना धरलं. "माह्यानं नाही झालं. मी म्हणलं, गँग येईन, ओटा मोडन, तुमी आपोआप घरात बसान. कोणाले काही सांगा लागणार नाही. म्हणून हजर नाही झालो. हजर झालो असतो त ओटा राहिला असता. ओटा राहिला त तुमी राहता. अन् मी रोज वर क्रेनवर."

घरात बसायला रामाजी गेले नसते, हे त्यांना माहीत होतं. पुंडलिकलाही बहुतेक माहीत होतं.

"कोट खाटेच्या खुराले अडकला," बऱ्याच वेळाने ते खालूनच म्हणाले. "खिशापासून काखेपर्यंत फाटला. भाषण ठेच्यात पडलं."

"सगळं?"

"सगळं. दोरीवर वाळवलं त्यानं."

खिडकीत पुंडलिक हसायला लागला. गजांना धरून हसला. शेवंता आतून काय झालं म्हणून धावत आली.

"कलम तुमीच वाचवलं म्हणे काल," हसणं थांबल्यावर तो म्हणाला. "धोंडबा संध्याकाळी येऊन शिव्या देऊन गेला मले."

"त्यात तुह्यावर उपकार नाही काही. ते तत्त्वाचं होतं."

"हो. संध्याकाळी घ्या मीटिंग. मी येतो."

"येतो म्हणजे? हजर राहून येतो, का दिसून येतो?"

"हजर राहून."

पाचवी सभा ओट्यावरच झाली. पुंडलिक सगळ्यांच्या आधी येऊन बसला आणि स्वतःच्या हाताने हजेरीत नाव लिहिलं. देवीदास अध्यक्ष झाले, रामाजी सचिव, धोंडबा खजिनदार. ठेच्याचे डाग पडलेलं भाषण देवीदासांनी पहिल्या ओळीपासून वाचलं. दुसऱ्या पानावर पुंडलिक बसल्या जागी झोपला. सचिवांनी त्याला हजर धरलं आणि तशी नोंद केली. नायरांनी दोन्ही हात वर केले.

या सभेत गिरजाबाई, शेवंता आणि सगळी मंडळी रामाजींच्या नजरेला नजर देत नव्हती. रामाजींनीही तो विषय काढला नाही. फक्त सभा संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "वाऱ्याचा आवाज येते म्हणे, गिरजाबाई."

"येतेच ना, भाऊ," गिरजाबाई म्हणाल्या आणि वहाणा शोधू लागल्या.

सकाळी रामाजी कामावरून तासभर सुटी काढून ऑफिसात गेले, तेव्हा भैयालालने तिन्ही सह्या उलटसुलट करून पाहिल्या. "ये ओटा किस काम आता है?" त्याने विचारलं. "लिखना पड़ेगा."

रामाजींनी थोडा विचार केला. "बैठने के," ते म्हणाले. भैयालालने पंख्याकडे पाहून तसं लिहिलं.

गँग आली होती ती पहारी टेकवून ओट्यावरच बसली, पाणी प्यायली आणि जाताना फुली पुसून गेली. पाटी राहिली. उतरवण्यासाठी कमिटीचा ठराव लागतो, असं सचिवांचं मत पडलं.

त्या दुपारी भोंगा झाल्यावर रामाजी आले. ओट्याच्या नेहमीच्या, डाव्या टोकाला टेकले. मग वर खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती, आत पडदा ओढलेला होता. ते उठले, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथे बसले.

"इकडून ऐक," ते अगदी हळू म्हणाले. "तुह्या चांगल्या कानाकडून. पुंडलिकची नाइट आहे. आता काल काय झालं ते सांगतो."